परदेशीं शिक्षक जेवतो कोणाबरोबर?

मुलगा शिक्षकाची नोकरी पत्करून दूरदेशीं निघाला म्हणजे शेजारीपाजारी त्याच्या आईबापांस तीन प्रश्न विचारतात. पगार किती, राहण्याची सोय काय, आणि परत केव्हां येणार? हे तिन्ही प्रश्न व्यवहाराचे आहेत, व ते विचारणें योग्यच आहे. परंतु चौथा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारीत नाहीं. तेथें तो जेवणार कोणाबरोबर? परदेशीं गेलेल्या शिक्षकाचें बरेंवाईट पुष्कळ अंशीं या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें, असें आमचें मत आहे.

हें मत कित्येकांस अतिशयोक्तीचें वाटेल. शिक्षकाची योग्यता त्याच्या विद्वत्तेवरून ठरावी. तो काय खातो, सुटीच्या दिवशीं कोठें फिरावयास जातो आणि कोणाशीं गप्पा मारतो यांचा त्याच्या कामाशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून आम्ही दोन शिक्षकांची हकीकत वाचकांपुढें ठेवितों. दोघेही इंग्रजीचे शिक्षक. दोघेही पुढें मोठे ग्रंथकार म्हणून नांवाजले. एक पश्चिमेकडून जपानांत गेला, दुसरा जपानांतून इंग्लंडांत गेला. कुमामोतो येथील एकाच सरकारी विद्यालयांत दोघांनींही निरनिराळ्या काळीं इंग्रजी शिकविलें, आणि टोकियोच्या विद्यापीठांत पहिल्याची जी जागा रिकामी झाली तिजवर दुसऱ्याची नेमणूक झाली. तुलनेस इतका सोईचा योग क्वचितच सांपडतो.

पहिला लाफ्काडिओ हर्न. याचा जन्म १८५० सालीं लेफ्काडा या ग्रीक बेटावर झाला. आई ग्रीक, बाप ब्रिटिश सैन्यांतील आयरिश शल्यवैद्य. लहानपणींच आईबापांचें छत्र सुटलें आणि डब्लिन शहरीं बापाच्या मावशीनें त्यास वाढविलें. शाळेंत खेळतांना दुखापत होऊन त्याचा डावा डोळा गेला. एकोणिसाव्या वर्षीं तो अमेरिकेस गेला, तेथें उपासमार सोसली, आणि वर्तमानपत्रांत लिहून कसाबसा पोट भरूं लागला. अशा या घर नसलेल्या मनुष्यास १८९० च्या ऑगस्ट अखेरीस जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील मात्सुए या गांवीं इंग्रजी शिक्षकाची जागा मिळाली. पगार दरमहा शंभर येन. जपानी भाषा त्यास जवळजवळ मुळींच येत नव्हती.

तेथें त्याचा उतारा प्रथम सरोवराच्या कांठच्या एका खाणावळींत होता. पहाटे त्यास जाग येई ती तांदूळ सडणाऱ्या मुसळाच्या आवाजानें. मग देवळाची घंटा, मग मुळे व जळाऊ लांकूड विकणाऱ्यांच्या आरोळ्या, मग सूर्यास हात जोडून टाळ्या वाजविणाऱ्या लोकांचा नाद. हें सारें त्यानें लिहून ठेविलें आहे. ज्या मुसळाच्या आवाजाकडे गांवकरी रोज कानाडोळा करीत, तो ऐकण्यासाठीं हा परदेशी मनुष्य बिछान्यावर उठून बसे. परक्या गांवीं राहण्याची पहिली पायरी हीच आहे, असें आम्हांस वाटतें. गांवाचा दिवस कसा सुरू होतो हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें त्या गांवाच्या मुलांस शिकवावयाचें तरी काय?

त्याच शाळेंत निशिदा सेन्तारो नांवाचा एक तरुण शिक्षक होता. वय अठ्ठावीस; इंग्रजी उत्तम; प्रकृति क्षयाच्या विकारानें पोखरलेली. या निशिदानें हर्नचा हात धरला. दुभाष्याचें काम त्यानें केलें, घर पाहून देण्यास मदत केली, आजारांत समाचार घेतला. त्याच्या ओळखीच्या पत्रामुळें १८९० च्या सप्टेंबरांत हर्नला इझुमो येथील प्राचीन देवस्थानाच्या अंतर्भागांत प्रवेश मिळाला. तेथपर्यंत त्यापूर्वीं कोणाही पाश्चात्यास जाऊं दिलें नव्हतें. विचार करा, विद्यार्थिमित्रहो! ज्या दारापुढें मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या शिफारशी कदाचित् थांबल्या असत्या, तें दार एका सहशिक्षकाच्या स्नेहानें उघडलें. पुढें १८९५ सालीं हर्ननें आपला एक ग्रंथ याच निशिदास अर्पण केला. दोनच वर्षांनीं, १८९७ सालीं, निशिदा वारला.

विद्यार्थीही त्याच्या घरीं येऊं लागले. १८९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या हर्नच्या जपानविषयक ग्रंथांत 'एका इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशींतून' अशा अर्थाचें एक प्रकरण आहे. त्यांत या भेटींचें वर्णन आहे. मुलें येत, शांत बसत, कधीं फुलें आणीत, कधीं घरांतील वडिलोपार्जित चित्रें व चमत्कारिक वस्तु दाखवावयास घेऊन येत. त्यांपैकीं एक सुताराचा मुलगा फार बुद्धिमान् होता. तो असाध्य दुखण्यानें अंथरुणास खिळला. मरण्यापूर्वीं आपली शाळा एकदां पाहावी असें त्याच्या मनांत आलें. तेव्हां घरच्या जुन्या नोकरानें त्यास रात्रीं पाठीवर घेऊन शाळेपर्यंत नेऊन आणलें. ही गोष्ट हर्नला कळली, कारण त्याचें जाणेंयेणें वर्गाच्या चार भिंतींपुरतें नव्हतें. केवळ हजेरीपट घेऊन बसणाऱ्या शिक्षकास त्या मुलाच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण तेवढी दिसली असती.

आतां जेवणाकडे वळूं. हर्ननें मात्सुए येथें जपानी पद्धतीचें जेवण मोठ्या हौसेनें सुरू केलें. जमिनीवर बसून, काड्यांनीं उचलून, भात, मासे, सार, लोणचीं. असें सुमारें दहा महिने चाललें. मग शरीरानें बंड केलें. तो आजारी पडला, अशक्त झाला, आणि शेवटीं गांवांत पाश्चात्य स्वयंपाक जाणणारा एक स्वयंपाकी सांपडला तेव्हां गोमांस, कोंबडी व तळलेले पदार्थ यांवर त्यानें ताव मारला. एका मित्रास पत्र लिहून त्यानें ही गोष्ट लाजत लाजत, परंतु मोठ्या विनोदानें कळविली आहे. दोष आपला नाहीं व जपानी लोकांचाही नाहीं, तो आपल्या मांसाहारी पूर्वजांचा आहे, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. पुढें जपानी नागरिक होऊन कोइझुमी याकुमो हें नांव घेतल्यावरही मोठा बीफस्टेक व प्लम पुडिंग हे त्याचे आवडते पदार्थ होते, असें त्याची पत्नी सेत्सु हिनें आपल्या आठवणींत सांगितलें आहे.

या प्रसंगाचें मोल आम्हांस फार वाटतें. परदेशीं जाणाऱ्या मनुष्यास लोक दोन प्रकारचा उपदेश करितात. कोणी म्हणतात, 'आपलें तें सोडूं नकोस; डबे भरून ने आणि तेंच खा.' कोणी म्हणतात, 'जसा देश तसा वेश. आपलें म्हणून कांहीं ठेवूंच नकोस.' पहिल्या उपदेशानें मनुष्य परक्या गांवांत स्वतःच्या भोंवतीं एक लहानसा तुरुंग बांधतो. दुसऱ्या उपदेशानें तो काही महिने उत्साहानें नाचतो आणि मग दवाखान्यांत पडतो. हर्नचा मार्ग मधला झाला, व तो त्यास अनुभवानें सांपडला. यजमानाच्या पंक्तीस आदरानें बसावें, समोर येईल तें चाखावें, आणि आपल्या पोटास जें हवें तें आपल्या घरीं न लाजतां शिजवावें. जपानी पंक्तीस बसण्यांत ढोंग नव्हतें, तसें गोमांसाच्या ताटावर बसण्यांत द्रोह नव्हता.

त्याच्या सहलींचेंही असेंच. नांवाजलेलीं स्थळें त्यानें पाहिलीं. परंतु त्याचें मन रमलें तें यायझु नांवाच्या एका कोळीवाड्यांत. टोकियोस राहावयास गेल्यावर १८९७ पासून तो बहुतेक उन्हाळ्यांत मुलांस घेऊन तेथें जाई, समुद्रांत मनसोक्त पोहे, आणि ओतोकिची नांवाच्या मासेविक्याच्या दुकानाच्या माडीवर बिऱ्हाड करी. विद्यापीठाचा अध्यापक, आणि बिऱ्हाड मासळीच्या दुकानावर! या ओतोकिचीच्या घरीं दारुमा नांवाची एक बाहुली होती. तिला डोळा एकच होता. कांहीं शुभ घडलें म्हणजे दुसरा डोळा काढावयाचा, अशी तेथील चाल. हर्न हिशेब चुकता करून निघावयास लागला, तों पाहतो तर बाहुलीस दोन्ही डोळे आलेले! एका डोळ्यानें जग पाहणाऱ्या या मनुष्यास तें पाहून काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. ही हकीकत त्यानें १९०१ च्या आपल्या पुस्तकांत लिहिली आहे.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. १८९१ च्या नोव्हेंबरांत हर्न मात्सुए सोडून कुमामोतो येथें गेला. तेथें पगार दुप्पट, दोनशें येन. हवाही कमी थंड. तरी तें गांव त्यास आवडलें नाहीं. शाळा मोठी, परंतु तींत निशिदा नव्हता. सहशिक्षकांशीं मन जुळलें नाहीं, आणि तीन वर्षांनीं त्यानें ती नोकरी सोडली. पगार दुप्पट झाला आणि समाधान निम्म्यावर आलें. पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें सुधारलीं, चौथ्याचें बिघडलें.

दुसरा शिक्षक नात्सुमे सोसेकी. जन्म १८६७, टोकियो. १८९५ सालीं तो मात्सुयामा येथील माध्यमिक शाळेंत इंग्रजी शिकवावयास गेला व दुसऱ्या वर्षीं कुमामोतो येथें आला. १९०० सालीं जपानच्या शिक्षणखात्यानें इंग्रजीच्या अभ्यासासाठीं त्यास दोन वर्षांकरितां इंग्लंडास पाठविलें. पत्नी व मुलगी मागें राहिली. वर्षास अठराशें येन मिळत. लंडनच्या महागाईंत तेवढ्यांत राहणें, खाणें आणि पुस्तकें घेणें हें तिन्ही साधणें कठीण. २८ ऑक्टोबर १९०० रोजीं तो लंडनला पोहोंचला आणि दोन वर्षांत त्यानें पांच बिऱ्हाडें केलीं.

त्याची न्याहारी कशी असे हें त्यानेंच मित्रांस कळविलें होतें. ओटची लापशी, बेकनची पट्टी, एक अंडें, भाजलेल्या पावाचे दोन तुकडे आणि चहा. न्याहारी वाईट नव्हती. परंतु ती ज्या मेजावर होई तेथें मन मोकळें करावयास कोणी नव्हतें. पुस्तकांसाठीं पैसा वांचवावा म्हणून तो केव्हां केव्हां दुपारच्या जेवणाऐवजीं बिस्किटें चावी. विद्यापीठांतील व्याख्यानें त्यानें थोड्याच महिन्यांत सोडलीं. क्रेग नांवाच्या एका शेक्सपिअरभक्त वृद्ध विद्वानाकडे तो खासगी शिकवणीस सुमारें वर्षभर गेला. या आयरिश गुरूचें चित्र त्यानें पुढें १९०९ सालीं फार जिव्हाळ्यानें रेखाटलें. शिकवणी सुटल्यावर मात्र तो खोलींत कोंडून घेऊन वाचीत राहिला. १९०२ सालीं तर त्यास वेड लागलें अशी वार्ता टोकियोपर्यंत पोहोंचली. पुढें १९०७ सालीं, आपल्या साहित्यविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेंत, लंडनचीं दोन वर्षें आपल्या आयुष्यांतील अत्यंत दुःखाचीं होतीं असें त्यानें स्पष्ट लिहिलें.

तरी या अंधारांतही दोनतीन दिवे होते, आणि आमच्या म्हणण्याचा खरा पुरावा त्यांतच आहे. २ फेब्रुवारी १९०१ रोजीं व्हिक्टोरिया राणीची अंत्ययात्रा लंडनच्या रस्त्यांनीं गेली. सोसेकी ठेंगणा, गर्दींत त्यास कांहीं दिसेना. तेव्हां त्याच्या घरमालकानें त्यास खांद्यावर उचलून घेतलें, आणि त्या इंग्रजाच्या खांद्यावर बसून या जपानी शिक्षकानें ती मिरवणूक पाहिली. हें त्यानें आपल्या रोजनिशींत टिपून ठेविलें. राजधानींतील एवढ्या थाटाच्या दिवशीं त्या घरमालकाची ही साधी माणुसकी टिपण्याजोगी वाटली, यांत सर्व आलें.

दुसरा दिवा इकेदा किकुनाए हा रसायनशास्त्रज्ञ. हा जर्मनींतला अभ्यास आटोपून स्वदेशीं परततांना १९०१ च्या मे-जून महिन्यांत सोसेकीच्याच बिऱ्हाडीं उतरला. दोघेही रात्र रात्र बोलत बसत. इकेदाच्या विचारांची शिस्त पाहून आपणही साहित्याचा शास्त्रशुद्ध विचार करावा, अशी ईर्ष्या सोसेकीस झाली, व त्यांतूनच पुढें वरील ग्रंथ झाला. याच इकेदानें १९०८ सालीं कोंबु नांवाच्या समुद्रवनस्पतीच्या सारांतून एक विशिष्ट चव निराळी काढून दाखविली आणि तिला 'उमामी' हें नांव दिलें. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पंक्तीस आज ती पांचवी मूळ चव म्हणून शास्त्रज्ञ बसवितात. जपानी घरांतील रोजच्या साराचें रहस्य उकलणारा हा मित्र लंडनमध्यें आणखी वर्षभर राहता तर!

तिसरी गोष्ट दुःखाची आहे. मासाओका शिकी हा कवि सोसेकीचा जिवलग मित्र. तो पाठीच्या कण्याच्या क्षयानें टोकियोस अंथरुणावर पडून होता. सोसेकीनें १९०१ च्या वसंतांत त्यास लंडनच्या दिनचर्येचीं लांबलचक पत्रें लिहिलीं. तीं एका मासिकांत छापलींही गेलीं. शिकी खाण्याचा मोठा षोकी. त्या दुखण्यांतही रोज काय खाल्लें हें लिहून ठेवी. त्यानें कळविलें, तुझीं पत्रें वाचून आपण स्वतः पश्चिमेस जाऊन आल्यासारखें वाटलें. डोळे मिटण्यापूर्वीं आणखी एक पत्र येऊं दे. आणि लंडनमधील भाजलेल्या कंदाची चव कशी असते तेंही सांग. सोसेकीच्या हातून तें पत्र लिहिलें गेलें नाहीं. १९ सप्टेंबर १९०२ रोजीं शिकी वारला. बातमी लंडनला पोहोंचेपर्यंत नोव्हेंबर महिना उजाडला. ही खंत सोसेकीस जन्मभर राहिली.

या दोन चरित्रांवरून आम्ही जें अनुमान काढितों, त्यावर एक सबळ आक्षेप येईल. हर्न गोरा होता. त्या काळीं जपान सरकार पाश्चात्य शिक्षकांस मोठा मान व मोठा पगार देई. लहानशा गांवांत तो एक नवलाचा पाहुणा होता. उलट सोसेकी हा जगांतील सर्वांत बलाढ्य साम्राज्याच्या राजधानींत एक अपरिचित आशियाई विद्यार्थी होता. खिसा हलका, आणि चारचौघांत आपला वर्ण व उंची यांची टोचणी सतत मनास. मग मैत्रीस कारण मान व पैसा, असें कां म्हणूं नये?

आक्षेप पुष्कळ अंशीं खरा आहे, व तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु दोन गोष्टी त्यानें सुटत नाहींत. कुमामोतो येथें हर्नचा वर्ण तोच होता, मान तोच होता, पगार तर वाढला होता. तरी आनंद ओसरला. आणि इकेदा आला तेव्हां सोसेकीचा वर्ण तोच होता, खिसा तितकाच हलका होता, शहर तेंच होतें. तरी तेवढे दिवस त्याचें मन फुललें. दोन्ही ठिकाणीं बदललें तें एकच, व तें म्हणजे सोबतीचें माणूस. शिवाय, ज्यास मान व पैसा यांचा आधार नाहीं त्यास यजमानाच्या उंबरठ्याची गरज अधिक, हेंच या आक्षेपानें सिद्ध होतें.

परकेपणासाठीं समुद्र ओलांडावा लागतो असेंही नाहीं. सोसेकीची 'बोत्चान' ही कादंबरी १९०६ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील टोकियोचा तरुण शिक्षक दूरच्या एका गांवीं शिकवावयास जातो. एका रात्रीं तो एका दुकानांत तळलेल्या कोळंबीसह शेवयांचे चार वाडगे फस्त करितो. दुसऱ्या दिवशीं वर्गांत पाऊल टाकतो, तों फळ्यावर त्याच खाद्यपदार्थाचें नांव जोडून त्याची थट्टा मोठ्या अक्षरांत लिहिलेली! तो तांदळाच्या पिठाचे गोड गोळे खावयास गेला तर त्याचेंही वृत्त वर्गांत हजर. वाचतांना हसूं येतें. परंतु विद्यार्थिमित्रहो, हसून झाल्यावर स्वतःस विचारा: आपल्या गांवीं परप्रांतांतून आलेल्या शिक्षकाच्या डब्यांत काय आहे, तो भात कसा कालवतो, भाकरी न खातां इडली कां खातो, यांवरून आपण कधीं खिदळलों नाहीं ना? फळ्यावरच्या त्या चार अक्षरांनीं मनुष्य दहा वर्षें त्या गांवाचा राहतो कीं पहिल्याच सुटींत निघून जातो, हें ठरूं शकतें.

आजच्या काळाकडेही पाहूं. १९८७ पासून जपाननें परदेशांतील हजारों तरुण पदवीधर आपल्या शाळांत भाषेच्या शिक्षकांचे साहाय्यक म्हणून बोलाविले आहेत. तेथील प्राथमिक व बहुतेक कनिष्ठ माध्यमिक शाळांत दुपारचें जेवण शाळेतूनच मिळतें. मुलें पांढरे अंगरखे व टोप्या घालून स्वतः वाढतात, आणि शिक्षक वर्गांतच त्यांच्याबरोबर तेंच अन्न खातात. परदेशी साहाय्यकही पुष्कळदां याच पंक्तीस बसतात. ही रीति आम्हांस फार शहाणपणाची वाटते. जो शब्द पुस्तकांतून दहा वेळां घोकून येत नाहीं तो 'आणखी वाढूं का?' असें विचारतांना एकदांत येतो. आणि ज्या मुलानें आपल्या शिक्षकास सार वाढलें, त्यास त्याच्याशीं चुकतमाकत इंग्रजी बोलण्याची भीति उरत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींजण पुढें परगांवीं, परप्रांतीं किंवा परदेशीं शिक्षक होतील. त्यांस आमचें सांगणें थोडक्यांत इतकेंच आहे. तेथें पोहोंचल्यावर पहिल्या महिन्यांत एक तरी निशिदा शोधा. तो बहुधा तुमच्याच शाळेंत, शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो. कोणी जेवावयास बोलावलें तर अभ्यासाचें निमित्त सांगून टाळूं नका. पुढें ठेवलेला पदार्थ चाखल्यावांचून नाक मुरडूं नका. मात्र प्रकृतीस जें मानवत नाहीं, किंवा श्रद्धेमुळें जें वर्ज्य आहे, तें नम्रपणें व आरंभींच सांगा. बाजारांत, बंदरावर, शेतांत हिंडा. ज्या गांवीं शिकवावयाचें तेथील कोळी व माळी यांचीं नांवें ठाऊक असूं द्या. स्वयंपाक स्वतः करावयास शिका, म्हणजे दुसऱ्यास आपल्या घरीं बोलावतां येईल. कारण नेहमीं पाहुणाच राहणारा मनुष्य कधीं शेजारी होत नाहीं. आणि घरच्या पत्राचें उत्तर उद्यांवर टाकूं नका. पूर्वीं पत्रास महिना दीड महिना लागे, आज निरोप क्षणांत पोहोंचतो. तरी न लिहिलेलें पत्र आजही तितकेंच उशिरा पोहोंचतें.

पालकांस आमची विनंति निराळी आहे. आपला मुलगा दूर गेला म्हणजे तेथें त्यास कोणीतरी प्रेमानें वाढावें, अशी प्रत्येक आईची इच्छा असते. ती इच्छा पुरी करणारी ती दुसरी आई आपणांस कधीं दिसणार नाहीं, व तिचें ऋण आपणांस फेडतां येणार नाहीं. परंतु आपल्या गांवांतही कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी मुलगी दुरून येऊन शिकवीत आहे. बाहेरगांवचे शिक्षक आहेत, परप्रांतांतील शिक्षिका आहेत, वसतिगृहांत सुटीच्या दिवशींही मागें राहणारीं मुलें आहेत. त्यांच्यासाठीं पक्वान्नें नकोत. आपल्या घरीं जी भाकरी, जी आमटी शिजते तींत एक ताट वाढवावें. सणास तर बोलवावेंच, पण सण नसलेल्या दिवशीं अधिक अगत्यानें बोलवावें. सणाच्या दिवशीं आमंत्रणें पुष्कळ येतात, पावसाळ्यांतील बुधवारीं एकही येत नाहीं.

सोसेकी १९०३ च्या जानेवारींत मायदेशीं परतला. त्याच वर्षीं टोकियोच्या विद्यापीठानें हर्नला निरोप दिला, आणि त्याच्या जागेवर नेमलेल्यांत सोसेकी एक होता. हर्नवर लोभ असलेल्या विद्यार्थ्यांनीं त्याच्या जाण्याविरुद्ध गिल्ला केला, व तें सारें नव्या शिक्षकास निमूटपणें सोसावें लागलें. दुसऱ्याच वर्षीं, २६ सप्टेंबर १९०४ रोजीं, हर्न वारला. १९०६ च्या शरदृतूंत सोसेकीनें आपल्या घरचा गुरुवार तरुण मित्रांसाठीं व शिष्यांसाठीं राखून ठेविला. त्या दिवशीं ज्यास यावेंसें वाटे त्यानें यावें, बसावें, वाद घालावा, आपलें लिखाण दाखवावें. पुढें मोठे लेखक व विद्वान् म्हणून गाजलेले कित्येकजण या गुरुवारच्या बैठकींत तयार झाले. लंडनच्या खोलींत ज्यानें एकट्यानें बिस्किटें चावलीं त्याच्या घरीं दर गुरुवारीं पायतणांस जागा पुरेना, या गोष्टीचा अर्थ आमच्या वाचकांस आम्हीं उलगडून सांगण्याची गरज नाहीं. एवढेंच सुचवितों, कीं आठवड्याचा एक दिवस असा प्रत्येक घरास ठरवितां येईल, व तो ठरविण्यास विद्वान् असण्याची अट नाहीं.